नातवाचं ग्राफिक्स कार्ड आणि एक जुनी खाच

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. झालं असं, की गेला महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता आणि चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला हा मास्तर त्याच्या नादाला लागला होता. सूनबाई बिचाऱ्या ताटं ओट्यावर वाढत होत्या.

हकीकत अशी. नातू आता सतरा वर्षांचा आहे. त्याचा कॉम्प्युटर २०१८ साली चिरंजीवांनी एकेक भाग निवडून जुळवलेला. एएमडीचा रायझेन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. त्या वेळी हे चांगलं मानलं जाई. यंदा नातवाने मुंजीतले, वाढदिवसाचे, दहावीच्या बक्षिसाचे असे सगळे साठवलेले पैसे बाहेर काढले आणि कुणालाही न विचारता आरटीएक्स ४०६० हे कार्ड घेऊन आला. खोकं उघडताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पुढचं ऐका. जुन्या कार्डाला वेगळी वीज लागत नसे. ते खाचेत बसवलं की तिथूनच मिळेल ती ७५ वॅट घेऊन गुण्यागोविंदाने चालायचं. नव्याला लागतात ११५ वॅट, म्हणून त्याच्या डोक्यावर आठ पिनांची वेगळी वायर जोडावी लागते. आमच्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती वायरच नव्हती. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट आलेला डबा तो! दुकानातून एक जोडवायर आणली. गेम सुरू झाला आणि दहा मिनिटांत सगळं खट्कन बंद. जोडाजवळ हात लावला तर चटका बसला आणि वासही आला. मी ओरडलो. (ओरडायला नको होतं, पण सवय जात नाही.)

नातू कॉम्प्युटर उचलून दुकानात घेऊन गेला. तिथे निकाल मिळाला, "हे सगळं भंगार आहे, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट सगळं नवं घ्या." आकडा कार्डाच्या दुपटीहून जास्त. चिरंजीव सध्या मस्कतला नोकरीला आहेत. ते फोनवर म्हणाले, आता एक पैसाही मिळणार नाही, मला न विचारता घेतलंस ना? दोन दिवस पोरगं धड जेवलं नाही.

मी मध्ये पडलो. का पडलो ते शेवटी सांगतो. पण दुकानदाराच्या "सगळं भंगार" या शब्दांवर माझा विश्वास बसेना. शाळेत आम्ही शिकवायचो, कुठलीही गोष्ट निरुपयोगी झाली असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, कुणी ठरवलं आणि केव्हा. मग नातवाला शेजारी बसवलं आणि दोघांनी मिळून वाचायला सुरुवात केली. त्याला इंग्रजी भराभर वाचता येतं, मला सावकाश वाचून लक्षात ठेवता येतं. जोडी जमली.

सुरुवात १९८१ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. गंमत अशी, की त्याच्या मुख्य बोर्डावर पडद्यावर चित्र काढायची काहीच सोय नव्हती! बोर्डावर पाच खाचा होत्या. त्यातल्या एकीत कार्ड बसवायचं तेव्हा पडद्यावर काहीतरी दिसायचं. एक कार्ड फक्त अक्षरं दाखवणारं, दुसरं रंग दाखवणारं, तेही ३२० बाय २०० ठिपक्यांत चार रंग. आणि आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. त्या यंत्राची अंतर्गत मांडणी, अगदी सर्किटच्या आकृत्यांसकट, पुस्तकात छापून विकायला ठेवली. त्यामुळे कुणीही उठावं आणि त्या खाचेत बसेल असं कार्ड बनवावं, अशी वाट मोकळी झाली.

तशी ती बनवलीही गेली. १९८२ सालचं हर्क्युलिस नावाचं कार्ड प्रसिद्ध आहे. ते बनवणारे गृहस्थ मूळचे थायलंडचे. त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि आयबीएमच्या कार्डावर थाई अक्षरं नीट उमटत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचं कार्ड केलं, असं सांगतात. हे वाचलं आणि मला एकदम आपलं जिस्ट कार्ड आठवलं. जुन्या सरकारी कचेऱ्यांतून काम केलेल्या मंडळींनाही आठवेल. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवलं. पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डॉसवरच्या साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप करता येई आणि पडद्यावर दिसे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका कारकुनाने माझं नाव मराठीत टाइप करून दाखवलं होतं. आडनावातलं जोडाक्षर नीट आलं होतं! तेव्हा त्या अक्षरांमागे एक कार्ड आहे आणि कार्डामागे एक मोकळी खाच आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

असो, विषयांतर झालं. पण फार नाही.

मोकळी खाच आयबीएमलाच पुढे जड झाली. दुसऱ्या कंपन्या हुबेहूब तशीच यंत्रं स्वस्तात विकू लागल्या. मग १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी यंत्रं काढली आणि त्यात मायक्रो चॅनेल नावाची नवी खाच आणली. तांत्रिकदृष्ट्या ती जास्त चांगली होती. पण जुनं एकही कार्ड तिच्यात बसत नव्हतं आणि दुसऱ्या कंपन्यांना ती वापरायची तर परवाना घेऊन पैसे मोजावे लागत. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी खाच जाहीर केली. तिचं नाव ईसा. तिच्यात नवं कार्ड तर बसेच, पण जुनंही बसे. लोकांच्या घरातली, कचेऱ्यांतली कार्डं फेकावी लागणार नव्हती. आयबीएमची खाच काही रुजली नाही. ईसाही महाग म्हणून घरोघरी पोचली नाही हे खरं, पण पीसीची खाच एका कंपनीच्या मालकीची होणार नाही, एवढं त्या भांडणात ठरून गेलं. मी वर्गात असतो तर यावर दोन तास घेतले असते.

नंतर नव्वदच्या दशकात यंत्राचा आणि चित्राचा ताळमेळ वारंवार बिघडला. प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झने पळतोय आणि जुनी खाच आठच्या आसपास, अशी अवस्था. त्यावर १९९२ मध्ये व्हेसा लोकल बस आली. ती ४८६ प्रोसेसरला इतकी चिकटलेली की पेंटियम आल्यावर तिचे दिवस भरले. इंटेलची पीसीआय मात्र टिकली. तिच्यातून सेकंदाला १३३ मेगाबाइट जात, पण त्या सगळ्या कार्डांनी वाटून घ्यायच्या. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं आणि गेम खेळणाऱ्या पोरांचं जगच बदललं. ते फक्त त्रिमितीचं काम करायचं. साध्या चित्रासाठी दुसरं कार्ड ठेवावंच लागे आणि मागून एका छोट्या वायरने दोन्ही जोडावी लागत. एका यंत्रात दोन चित्रकार!

चित्रांची भूक वाढली म्हणून इंटेलने फक्त ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी खाच काढली, एजीपी. १९९७ पासून ती बोर्डांवर दिसू लागली. हिच्यातही पुढे व्होल्टेज बदलत गेलं, ३.३ चं १.५ झालं, आणि चुकीचं कार्ड चुकीच्या बोर्डात जाऊ नये म्हणून खाचेतल्या आडव्या दांडीची जागा बदलली. २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेसचे बोर्ड आले आणि एजीपीवाल्यांची पंचाईत झाली. नवं कार्ड घ्यायचं तर बोर्ड नवा, बोर्ड नवा तर बहुधा प्रोसेसर नवा, रॅम नवी. मात्र इतके लोक जुन्या बोर्डांवर अडून बसले होते, की कंपन्यांना त्यांच्यासाठी मध्ये एक दुभाषी चिप घालून एजीपीची कार्डं काढत राहावं लागलं. २००८ मध्येसुद्धा रेडिऑन एचडी ३८५० एजीपीच्या रूपात मिळत होतं.

आणि आता आमच्या टेबलावरच्या यंत्राची गोष्ट. पीसीआय एक्सप्रेसचं वैशिष्ट्य असं, की २००४ पासून आजतागायत खाचेचा आकार तोच आहे. आतला वेग पिढीगणिक दुप्पट होत गेला, पण नवं कार्ड जुन्या खाचेत बसतं आणि दोघांपैकी जो हळू त्याच्या चालीने दोघं चालतात. म्हणजे भाऊबंदकी न करता नांदायचं ठरवूनच आले म्हणा ना. नातवाचं कार्ड चौथ्या पिढीचं, आमची खाच तिसऱ्या पिढीची. शिवाय या कार्डाला सोळा नव्हे, आठच मार्गिका आहेत. तरीही ८ जीबी प्रतिसेकंद वाट मिळते आणि थोडंफार नुकसान सोडलं तर भागतं. २०२२ च्या जानेवारीत आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार मार्गिकांचं होतं. जुन्या खाचेत ते फार मार खातं. स्वस्त म्हणून जुन्या यंत्रवाल्यांनीच ते घ्यायचं आणि त्यांनाच ते कमी पडायचं! नातवाने ते घेतलं नाही हे त्याचं नशीब. तो म्हणतो अक्कल.

तर खाच ठीक होती. मग अडत कुठे होतं? नातवाने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून दाखवले. नवं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसलेलं आणि प्रोसेसर घामाघूम. मला हे शुद्धलेखनाच्या तासावरून कळलं. मास्तर वाक्य सांगतो, मुलं लिहितात. वर्गातला सगळ्यात भरभर लिहिणारा मुलगा घ्या, पण मास्तरच अडखळत सांगत असेल तर तो पेन तोंडात धरून बसणार. गेममध्ये कोण कुठे उभा, गोळी कुठे गेली, दार उघडलं का, हे दर चित्रागणिक प्रोसेसर ठरवतो आणि कार्डाला सांगतो. कार्ड रंगवतं. आमचा मास्तर २०१७ सालचा होता.

इथे मला इतिहासाचा खरा उपयोग झाला. आमच्या बोर्डावर प्रोसेसर बसायची जी जागा आहे तिला एएम४ म्हणतात. एएमडीने सांगितलं होतं, की ही जागा २०२० पर्यंत बदलणार नाही. पण मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की पुढची पिढी फक्त नव्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. कारण दिलं, बोर्डावरच्या बायोसच्या चिपमध्ये जागा कमी आहे, पुष्कळशा जुन्या बोर्डांवर १६ मेगाबाइटच आहे, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नाही. कारण खोटं नव्हतं. पण लोक असे काही खवळले, की पंधरा दिवसांच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली आणि ४०० मालिकेला परवानगी मिळाली. आमचा बी३५० त्याहून जुना. त्याची पाळी मार्च २०२२ मध्ये आली. चिप तेवढीच, जागा तेवढीच, पण काही जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून टाकून नव्यांना जागा करता आली. म्हणजे २०२० मध्ये जे अशक्य होतं ते २०२२ मध्ये त्याच बोर्डावर शक्य झालं. दुकानदाराच्या डोक्यात बहुधा २०२० सालच चालू होतं.

मी नातवाला हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याच्या वडिलांना फोन लावला. रायझेन ५ ५६००, एप्रिल २०२२ चा. त्याच जागेत बसतो, जुन्याइतकेच सहा कोअर, जुन्याइतकीच ६५ वॅट वीज, पण हात कितीतरी चपळ. त्याशिवाय एक धड एसएमपीएस आणि रॅमची एक जोडपट्टी. नव्या बोर्डाला नव्या जातीची रॅम लागते आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव किती भडकले ते तुम्ही वाचलंच असेल. एसएमपीएस आणि प्रोसेसरचे पैसे पेन्शनमधून मी देतो म्हटलं. चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, बायोस आधी बदला, प्रोसेसर नंतर. उलट केलंत तर चालूच होणार नाही. आणि त्याला एकट्याला करू देऊ नका."

रॅमची पट्टी भाच्याच्या जुन्या यंत्रातून मिळाली. एसएमपीएस बसवताना एक गोष्ट कळली ती सांगून ठेवतो. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला जुळ्या बहिणी, पण आतली जोडणी उलट आहे. जोर लावून बसवू नये. बसत नाही याचा अर्थ ती तिथली नाही.

बायोस बदलायचा म्हणजे काय, तर पेन ड्राइव्हवर नवी फाइल घ्यायची आणि बोर्डाला सांगायचं, जुनं पुसून हे लिही. ती तीन-चार मिनिटं वीज गेली तर आमच्यासारख्या बोर्डाची वीट होते. आमच्याकडे दुपारी कधीमधी वीज जाते. म्हणून पहाटे पाच वाजता उठलो. इन्व्हर्टर तपासला, सूनबाईंना म्हटलं, आज गिझर जरा थांबव. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मी आयुष्यात बोर्डाच्या परीक्षांचे निकाल बरेच पाहिले, पण त्या पट्टीइतकी सावकाश वस्तू पाहिलेली नाही. सत्तर टक्क्यांवर ती थांबली. नातवाने माझा दंड धरला. मग पुढे सरकली.

प्रोसेसर काढतानाही एक युक्ती आहे. वरच्या पंख्याखालची पेस्ट वर्षानुवर्षं वाळून घट्ट बसते आणि पंखा ओढला की प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो, पिना वाकतात. एएम४ ला १३३१ पिना असतात. म्हणून आधी अर्धा तास गेम खेळून यंत्र गरम करायचं, मग बंद करून पंखा डावी-उजवीकडे अलगद फिरवत सोडवायचा. "आबा, गेम खेळणं हा कामाचा भाग आहे," असं नातू गंभीरपणे म्हणाला तेव्हा मला हसू आवरलं नाही.

चाललं. कोपऱ्यातला कार्डाचा आकडा नव्वदीच्या पुढे गेला. ध्यानीमनी नसलेला एक फायदाही झाला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता. नवा आहे.

आता ते शेवटी सांगायचं होतं ते.

२००० सालच्या जुलैत चिरंजीवांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून मी त्याला पुण्याला तापकीर गल्लीत घेऊन गेलो आणि कॉम्प्युटर घेतला. दोनतीन दुकानं फिरून सगळ्यात स्वस्त मिळाला तो. स्वस्त का, हे विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पोरगा म्हणाला, बाबा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. शिकवण्या करून त्याने दोन हजार साठवले होते, वरचे माझ्याकडे मागितले. पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने आकड्यावरून बोर्ड ओळखला आणि म्हणाला, "सर, यात एजीपी नाहीच. चित्राची चिप बोर्डातच आहे. कार्ड घालायचं तर बोर्ड बदला." त्या काळात असे स्वस्त बोर्ड पुष्कळ खपायचे, हे मी आता वाचलं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं झालं असं वाटलं. पैसे वाचले आणि नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही. चारचौघांत वर म्हणालोही, "अभ्यासासाठी घेतलाय, खेळायला नव्हे." त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. नोकरी लागल्यावर स्वतःचं स्वतः घेतलं.

परवा रात्री त्याला फोन केला आणि हे सगळं बोललो. म्हटलं, ती खाच नसलेला बोर्ड मी निवडला होता, चूक माझी होती, हे मला पंचवीस वर्षांनी कळतंय.

तो हसला. म्हणाला, "बाबा, एजीपी नव्हतं, पण त्या बोर्डावर पीसीआयच्या दोन खाचा मोकळ्या होत्या. वूडू-थ्री पीसीआयमध्ये मिळायचं. त्या दुकानदाराच्या मागच्या फळीवर खोका होता. मी बघितला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही तोवर पायरी उतरून छत्री उघडली होती."

नंतर फोन नातवाने घेतला. रॅमचा वेग कितीवर लावायचा यावर दोघं बराच वेळ बोलत होते.